परसातील संत्री: तोड केव्हा करावी, कशी करावी

परसात संत्र्याचे एखादे झाड लावलेल्या माणसाला पहिल्या बहराच्या वर्षी एकच प्रश्न छळतो, तो म्हणजे फळ तयार झाले हे ओळखायचे कसे. आंबा, केळी, चिक्कू, पपई ही आपल्या नेहमीच्या ओळखीची फळे पूर्ण वाढली की उतरवून अढीत घालता येतात आणि ती घरात पिकतात. त्या सवयीमुळे संत्रेही थोडे हिरवट, थोडे आंबट असतानाच काढून तांदळाच्या डब्यात ठेवले तर आठवड्याभरात गोड होईल, असा समज घरोघरी आढळतो. संत्र्याच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे. आंब्या-केळ्यांत पिठाचा साठा असतो आणि फळ काढल्यावर त्या पिठाचीच साखर होते. संत्र्यात असा साठा नसतो, त्यातील साखर झाडाच्या पानांत तयार होऊन देठावाटे फळात येते आणि देठ तुटला की ती येणे तेथेच थांबते. काढलेले फळ घरात ठेवल्याने त्याचा आंबटपणा किंचित कमी भासेल, साल मऊ पडेल, कधी रंगही पालटेल. पण गोडी तोडीच्या वेळी जेवढी होती तेवढीच राहते. म्हणून निर्णय झाडाखाली उभे राहूनच घ्यावा लागतो.

आधी झाड कोणते आहे ते ठरवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत संत्रे म्हणून विकली जाणारी रोपे एकाच जातीची नसतात. नागपुरी आणि कूर्ग ही सैल सालीची संत्री आहेत. त्यांची साल नखाने सहज सुटते आणि पाकळ्या वेगळ्या होतात. किन्नोची साल त्यामानाने घट्ट असते, त्यात बिया पुष्कळ असतात आणि ते उशिरा तयार होते. मोसंबी ही घट्ट सालीची, आणि तिच्या काढणीचे नियम थोडे वेगळे आहेत, ते पुढे येतीलच. ज्यांनी रोप आणताना जात विचारली नसेल त्यांनी निदान साल सैल की घट्ट एवढे पाहून ठेवावे, कारण फळ झाडावर किती दिवस टिकते आणि ते तोडताना किती जपावे लागते, हे बहुतांशी सालीवर अवलंबून असते.

यात दोन फसवणुकी नवख्यांच्या वाट्याला नेहमी येतात. पहिली म्हणजे कुंडीत शोभून दिसणारे, लिंबाएवढ्या नारिंगी फळांनी लगडलेले झाड, जे रोपवाटिकांत ‘चायना ऑरेंज’ या नावाने मिळते. ते कॅलमोंडिन असते आणि त्याचे फळ कितीही दिवस झाडावर ठेवले तरी आंबटच राहते. त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. रंग आला की काढावे आणि सरबताला किंवा लोणच्याला वापरावे. दुसरी फसवणूक कलमाची आहे. संत्र्याचा डोळा बहुधा जांभेरी किंवा रंगपूर लाइम या आंबट लिंबांच्या रोपाच्या खुंटावर भरलेला असतो, आणि कलमाच्या जोडाच्या खालून फुटलेला धुमारा वेळीच काढला नाही, तर तो वरच्या फांद्यांना मागे टाकून पुढे फळे देऊ लागतो. खडबडीत सालीचे, जाड, कडक आंबट फळ एकाच जोमदार फांदीवर येत असेल तर ती फांदी बुडाशी कोठून निघाली आहे हे खाली वाकून पाहावे. जोडाच्या खालून निघाली असेल, तर ते संत्रे नव्हेच आणि ती फांदी मुळापासून छाटून टाकावी.

कलमी झाड साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी धरण्याजोगे फळ देते, तर बी रुजवून वाढवलेल्या झाडाला त्याहून बरीच अधिक वर्षे लागतात. कोवळ्या झाडाची पहिली फळे जाड सालीची, कमी रसाची आणि चवीला बेताची असतात. तेवढ्यावरून जात वाईट निघाली असा निष्कर्ष काढून झाड तोडू नये. दोन बहर जाऊ द्यावेत.

फुलापासून महिने मोजावेत

तयार फळ ओळखण्याच्या सर्व खुणांमध्ये सर्वांत कमी वापरली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी खूण म्हणजे तारीख. झाडावर फुले भरभरून दिसली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाची नोंद करून ठेवावी. नागपुरी संत्र्याला फुलापासून काढणीपर्यंत साधारण आठ ते नऊ महिने लागतात आणि मोसंबीला आठ ते दहा महिने. त्याआधी रंग कितीही आकर्षक दिसला तरी फळाला हात लावू नये, आणि तेवढे महिने भरल्यावर साल हिरवी दिसली तरी चव घेण्यास संकोच करू नये.

जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्याला आंबिया बहर म्हणतात आणि पावसाच्या तोंडाशी, जून-जुलैत येणाऱ्याला मृग बहर. बागायतदार पाणी तोडून, झाडाला ताण देऊन यांपैकी एकच बहर धरतात. घरच्या झाडाला असा ताण कोणी सहसा देत नाही, कारण न्हाणीघराचे किंवा भांडी घासल्याचे पाणी बारा महिने त्याच्या बुडाशी जात असते. त्यामुळे एकाच झाडावर सुपारीएवढी आणि पूर्ण वाढलेली अशी दोन वयांची फळे एकाच वेळी दिसतात. अशा झाडाची फळे एकदम काढणे म्हणजे निम्मी वाया घालवणे होय. फुलोरा आला त्या वेळी फांदीला रंगीत दोऱ्याची किंवा चिंधीची खूण बांधून ठेवली, तर आठ महिन्यांनी कोणत्या फांदीचे फळ कोणत्या बहराचे आहे याचा घोळ होत नाही.

आंबिया बहराचा हिशेब आपल्या भागातील सणांशी सोयीने जुळतो. तुळशीच्या लग्नापासून चव घेण्यास सुरुवात करावी आणि सौंदत्तीच्या यल्लम्माची मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा येईपर्यंत सैल सालीच्या संत्र्याची मुख्य तोड उरकत आणावी, असा ढोबळ नियम धरायला हरकत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या थंड आणि दमट हवेत फळ थोडे मागे राहते. अथणी-रायबागच्या कोरड्या, उन्हाच्या भागात ते थोडे आधी तयार होते. मृग बहराचे फळ फेब्रुवारीपासून पुढे येते आणि ते उन्हाच्या तोंडाशी तयार होत असल्यामुळे त्याच्यासाठी फार वाट पाहू नये.

रंगावर किती विसंबावे

नवखा माणूस रंगाची वाट पाहतो, आणि नेमका तेथेच चुकतो. संत्र्याच्या सालीतील हिरवेपणा जाण्यासाठी फळ पिकणे पुरेसे नसते, त्यासाठी गार रात्रीही लागतात. रात्रीचे तापमान तेरा-चौदा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरू लागले की सालीतील हरितद्रव्य झपाट्याने कमी होते आणि आत आधीपासून असलेला पिवळा-नारिंगी रंग उघडा पडतो. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत येथे अशा गार पहाटा मिळतात आणि त्या दिवसांत झाडावरच्या फळांना बऱ्यापैकी रंग चढतो. पण ऑक्टोबरच्या उष्म्यात तयार झालेले फळ आतून गोड आणि बाहेरून हिरवे-पिवळे असू शकते. मोसंबीच्या बाबतीत तर हे नेहमीचेच आहे. गडद हिरव्याची फिकट, पिवळसर हिरवी झाली की ती बहुधा तयार असते, आणि ती नारिंगी होण्याची वाट पाहणाऱ्याच्या हाती शेवटी कोरडी फळेच येतात. उलट दिशेनेही असे घडते: रंग आलेले फळ उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत झाडावर राहिले तर देठाकडची साल पुन्हा हिरवी होऊ लागते, तरी आतले फळ कच्चे होत नाही.

गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात मांडलेल्या सारख्या रंगाच्या, चकाकणाऱ्या फळांशी घरच्या फळाची तुलना करू नये. मोठ्या व्यापारात फळांना नियंत्रित खोलीत इथिलीन वायू देऊन सालीचा हिरवेपणा काढतात आणि वर मेणाचा पातळ थर देतात; त्याने केवळ साल बदलते, चव नव्हे. घरी कोणी हौसेने कार्बाइडची पुडी आणून फळांत ठेवण्याचा सल्ला देईल, तर तो मुळीच ऐकू नये. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार देशभर बंदी आहे, तो पदार्थ आरोग्यास घातक आहे, आणि संत्र्याच्या गोडीत त्याने काडीचाही फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. सगळे झाड हिरवे असताना दोन-चारच फळे पिवळी झाली, तर ती सर्वांत आधी पिकली असे समजून कौतुकाने तोडायला धावू नये. बहुतेक वेळा ती आजारी फळे असतात. अशा फळावर बारकाईने पाहिल्यास टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते, त्याभोवती तपकिरी, मऊ पडलेले वर्तुळ असते आणि हलके दाबताच छिद्रातून रसाचा थेंब वर येतो. ही रस शोषणाऱ्या पतंगाची करणी होय. हा पतंग रात्री येतो, पिकत आलेल्या फळात सोंड खुपसतो, आणि चार-सहा दिवसांत ते फळ सडून खाली पडते. त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेल यांसारख्या रानवेलींवर वाढतात, त्यामुळे रानाला लागून असलेल्या परसांत त्याचा त्रास अधिक होतो. घरच्या एक-दोन झाडांसाठी फळांना कागदाच्या किंवा पातळ कापडाच्या पिशव्या बांधणे, पडलेली फळे रोज उचलून खड्ड्यात पुरणे आणि तिन्हीसांजेला झाडाखाली पालापाचोळ्याचा धूर करणे एवढे उपाय पुरतात. औषध फवारलेच असेल तर डब्यावर लिहिलेले प्रतीक्षेचे दिवस भरल्याशिवाय फळ तोडू नये.

फळाची एकच, पश्चिमेकडची बाजू पिवळी पडून चामड्यासारखी कडक झाली असेल तर ते उन्हाने भाजलेले आहे. तेवढा भाग टाकून उरलेले खाता येते. मात्र फळे लहान, एका अंगाने वाकडी राहत असतील, रंग बुडाऐवजी देठाकडून चढत असेल आणि चव कडवट लागत असेल, तर तो झाडाच्या रोगाचा इशारा असू शकतो. निरोगी संत्र्याला रंग नेहमी देठाच्या विरुद्ध टोकाकडून येऊ लागतो. अशा वेळी एक डहाळी आणि एक फळ घेऊन तालुक्याच्या बागायत खात्याच्या कचेरीत किंवा जवळच्या रयत संपर्क केंद्रात दाखवावे. गोकाकजवळच्या अरभावीला बागायत महाविद्यालय आहे, तेथेही विचारणा करता येते.

हाताने पाहावे, मग जिभेने

महिने भरत आले की फळ हातात घेऊन तोलावे. सारख्या आकाराच्या दोन फळांपैकी जे जड लागते त्यात रस भरलेला असतो. कच्च्या संत्र्याची साल खरखरीत, घट्ट आणि निस्तेज असते. तयार फळाची साल गुळगुळीत होते, तिच्यावरचे तेलाचे बारीक ठिपके पसरट व स्पष्ट दिसतात आणि नखाने किंचित खरवडल्यास संत्र्याचा तिखट नव्हे, गोडसर वास येतो. फळ अंगठ्याने दाबल्यास किंचित दबून परत वर यायला हवे. दाबल्यावर खळगा तसाच राहिला किंवा साल आतील फळापासून सुटून पोकळ वाजू लागली, तर वेळ निघून चालली आहे असे समजावे.

या सर्व खुणा अंदाजापुरत्या आहेत. शेवटचा कौल चवीचाच असतो आणि घरच्या झाडाचा मोठा फायदा हा की दोन-तीन फळे त्यासाठी खर्ची घालता येतात. ती एकाच फांदीची घेऊ नयेत. एक फळ झाडाच्या शेंड्याजवळचे, एक दक्षिणेकडच्या उन्हातले आणि एक आतल्या सावलीतले, अशी तीन घ्यावीत, कारण उन्हातल्या फळात साखर आधी भरते आणि आतले फळ मागे राहते. फळ सोलण्याऐवजी आडवे कापावे. पाकळ्या रसाने टच्च भरलेल्या, त्यांच्यातील कण पारदर्शक आणि केशरी-पिवळे, साल पातळ, असे दिसले तर फळ तयार आहे. कण फिकट व बारीक असतील आणि सालीचा पांढरा थर जाड असेल तर ते कच्चे आहे. कण पांढुरके, कोरडे, रवाळ दिसत असतील तर फळ जून झाले आहे, मग बाहेरून ते कितीही सुंदर दिसो.

चव घेताना गोडी किती आहे यापेक्षा आंबटपणा किती उतरला आहे याकडे लक्ष द्यावे. कच्च्या संत्र्यातही साखर असतेच, पण आम्लाच्या जोरापुढे ती जिभेला जाणवत नाही. दिवस जातात तसे आम्ल कमी होते, साखर थोडी वाढते आणि दोहोंचा मेळ बसतो. ज्यांच्याकडे द्राक्षबागेत वापरतात तसे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाची गोडी मोजणारे यंत्र, असेल त्यांनी रसाचा एक थेंब त्यावर टाकून पाहावा. नागपुरी संत्र्यासाठी १० च्या वर आकडा आला तर ते तोडण्याजोगे मानता येते, मात्र हे यंत्र आम्ल मोजत नाही, म्हणून जीभ चुकवता येत नाही. गोड चहा पिऊन लगेच चव पाहू नये, त्यानंतर कोणतेही संत्रे आंबटच लागते.

तिन्ही फळे गोड लागली तर पूर्ण झाड तयार आहे. उन्हातले गोड आणि सावलीतले आंबट लागले तर बाहेरची फळे आधी काढावीत आणि आतल्यांना पंधरवडा द्यावा. तिन्ही आंबट असतील तर आठ-दहा दिवस थांबून पुन्हा तीन फळांची परीक्षा घ्यावी. घाई असते ती शेजाऱ्यांना आणि पोराबाळांना, झाडाला नसते.

किती दिवस थांबता येते याला मात्र मर्यादा आहे. सैल सालीचे संत्रे तयार झाल्यावर झाडावर दोन-तीन आठवडे चांगले राहते. त्यापुढे साल फुगते, पाकळ्या आक्रसतात आणि रस कमी होतो. मोसंबी त्याहून अधिक काळ धरून ठेवता येते, आणि माझ्या मते मोसंबीसाठी झाडाइतके चांगले कोठार दुसरे नाही. लागतील तशी रोज चार काढावीत. तरीही एका बहराची सगळी फळे जानेवारी संपेपर्यंत झाडावर ठेवली तर झाडाला विसावा मिळत नाही आणि पुढचा फुलोरा कमी येतो, हे विसरू नये.

दिवस आणि वेळ निवडणे

ओले फळ तोडू नये, हा नियम बेळगाव-खानापूरच्या हवेत सर्वांत जास्त मोडला जातो. धुके आणि दव यांमुळे हिवाळ्यात येथे सकाळी नऊ-दहापर्यंत पानापानांतून पाणी ठिबकत असते. त्या वेळी साल पाण्याने ताठलेली असते आणि बोटाच्या साध्या दाबानेही तिच्यातील तेलाच्या पिशव्या फुटतात. तेल सालीवर पसरून दोन-तीन दिवसांनी तेथे तपकिरी, खोलगट डाग उमटतात. शिवाय ओल्या सालीवर बुरशी लवकर धरते. म्हणून ऊन वर येऊन फळे कोरडी झाल्यावर, साधारण दहा ते बाराच्या दरम्यान किंवा दुपार कलल्यावर तोड करावी. परतीचा पाऊस पडून गेला असेल तर दोन-तीन दिवस कोरडे जाऊ द्यावेत. तोडीच्या आधी झाडाला भरपूर पाणी देऊन फळ रसाळ होईल असे मानणारेही आहेत. त्याने रस पाणचट होतो, आणि बरेच दिवस कोरड्या राहिलेल्या झाडाला एकदम पाणी मिळाल्यास फळे तडकतात.

कात्रीने कापावे, ओढू नये

साधने थोडीच लागतात: छाटणीची धारदार कात्री, खांद्याला अडकवता येईल अशी कापडी झोळी, बुडाशी पिंजर किंवा जुने सुती लुगडे अंथरलेली बुट्टी, आणि झाड उंच असेल तर शिडी. गोणपाटाचे पोते वापरू नये, त्याच्या खरखरीत धाग्यांनी साल ओरखडते. संत्र्याच्या फांद्यांना काटे असतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. बोटांची नखे कापलेली असावीत, आणि ही सूचना किरकोळ वाटली तरी निम्मी फळे सडतात ती नखांच्या ओरखड्यांतून शिरलेल्या हिरव्या बुरशीमुळेच. झाडावर तांबड्या मुंग्यांची, म्हणजे ओंबिलांची घरटी आहेत का हे शिडी लावण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आंबे उतरवायचा झेला संत्र्याला लावू नये. झेल्याच्या हिसड्याने सैल सालीचे फळ तुटते ते देठाजवळची साल झाडावर सोडून, आणि देठाशी रुपयाएवढे भगदाड पडलेले फळ दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकत नाही. बांबूने झोडपणे किंवा फांदी हलवणे हेही टाळावे. जमिनीवर आपटलेल्या फळावर बाहेरून काही दिसत नाही, पण आतील पाकळ्या फुटलेल्या असतात.

कापण्याची रीत दोन टप्प्यांची आहे. डाव्या हाताने फळ खालून तळव्यात धरावे, न दाबता, न ओढता. कात्रीने आधी देठ बोटभर लांब ठेवून फळ फांदीपासून वेगळे करावे, आणि मग फळ डोळ्यांसमोर धरून उरलेला देठ सालीला अगदी लागून कापावा. देठाच्या टोकाला फळावर बसलेली हिरवी चांदणीसारखी चकती मात्र जागेवर राहिली पाहिजे, कारण ती निघाली की त्या जागेतून बुरशी आत शिरते. एकाच कापात काम उरकायला गेल्यास कात्रीचे टोक सालीत रुतते. आणि देठ लांब ठेवला तर तो झोळीत शेजारच्या फळाला टोचतो. मोसंबी घट्ट सालीची असल्याने ती हाताने पिरगळून काढता येते, तरी कात्री हाताशी असताना पिरगळण्याचे कारण नाही.

शिडी नेहमी दोघांनी वापरावी, एकाने वर चढावे आणि दुसऱ्याने ती धरावी; पश्चिम भागातील जांभ्या दगडाच्या उंचसखल जमिनीवर शिडीचे पाय क्वचितच सारखे टेकतात. फळे वरून खाली टाकू नयेत. झोळी भरली की खाली उतरून, झोळी बुट्टीत टेकवून फळे अलगद ओतावीत. आधी जमिनीवरून हाताला येणारी, मग मधली आणि शेवटी शेंड्याची, या क्रमाने तोड केली की शिडीची हलवाहलव कमी होते.

तोडल्यानंतर

फळे उन्हात ठेवू नयेत. ओसरीवर किंवा माडीवर, वारे खेळेल अशा सावलीच्या जागी एक दिवस एका थरात पसरून ठेवावीत, म्हणजे साल थोडी सैलावते आणि हाताळताना इजा कमी होते. त्याच वेळी निवड करावी. छिद्र असलेली, साल ओरखडलेली, देठाची चकती गेलेली आणि तडकलेली फळे वेगळी काढून त्याच दिवशी खावीत किंवा रस काढावा. ही फळे चांगल्यांत राहिली तर त्यांच्यामुळे शेजारची चारही जातात. फळे धुऊन साठवू नयेत, कोरड्या मऊ कापडाने पुसावीत आणि खाण्याच्या वेळी धुवावीत.

थंडीच्या दिवसांत पिंजरावर एका थरात मांडलेली संत्री घरात आठ ते पंधरा दिवस आणि मोसंब्या दोन ते तीन आठवडे चांगल्या राहतात. फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, भोके पाडलेल्या पिशवीत ठेवल्यास याच्या जवळपास दुप्पट दिवस मिळतात. दर दोन दिवसांनी फळांवरून नजर फिरवावी आणि पांढरट किंवा हिरवी बुरशी दिसताच ते फळ न हलवता, कागदात गुंडाळून बाहेर न्यावे, कारण हलवताना तिची पूड सगळीकडे उडते.

अंदाज चुकून आंबट फळे तोडली गेली असतील, तर ती गोड होण्याची वाट न पाहता स्वयंपाकघरात वापरावीत. आंबट रसाचे सरबत चांगले होते, आणि कोवळ्या सालीचे बारीक तुकडे चिंच-गुळात शिजवून आपल्याकडे कन्नड पद्धतीचा गोज्जू करतात, तो गरम भाताबरोबर झकास लागतो. तयार फळांच्या साली सावलीत कडकडीत वाळवून दळून ठेवल्या तर पुढच्या दिवाळीच्या उटण्याला कामी येतात.

तोड संपल्यावर झाडावर राहून गेलेली वाळकी, काळी पडलेली फळे आणि वाळलेल्या काड्या काढून टाकाव्यात, कारण पुढच्या वर्षीची बुरशी त्यांवरच दडून राहते. कात्री दर झाडानंतर पुसून घ्यावी. आंबिया बहर धरायचा असेल तर तोडीनंतर तीन-चार आठवडे पाणी आवरते घ्यावे. पाने किंचित सुकल्यासारखी दिसू लागली की बुडाशी कुजलेले शेणखत घालून पहिले पाणी हलके द्यावे आणि पुढची पाणी हळूहळू वाढवत न्यावीत. हलक्या तांबड्या जमिनीत हा ताण कमी दिवसांत बसतो, निपाणी-चिकोडीच्या काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. कुंडीतल्या झाडाला असा ताण देऊ नये, ते वाळून जाईल.